जिना शांत होईपर्यंत

शाळेत रुजू होऊन चार वर्षं झाली, तरी तिचं नाव ‘नव्या बाई’च राहिलं. शाळेत माणसाचं नवेपण संपायला एक तर मागून आणखी कोणी नवं यावं लागतं, नाही तर आधीचं माणूस विसरलं जावं लागतं. तिच्या बाबतीत दोन्ही घडलं नाही. विशेष शिक्षकाची जागा शाळेत एकच, तेव्हा मागून कोणी येण्याचा प्रश्न नव्हता. आणि आधीच्या बाई, ज्यांना सगळे ‘मोठ्या बाई’ म्हणत, त्या वारल्या होत्या. बदली झालेलं माणूस लोक सहा महिन्यांत विसरतात. वारलेल्याचं तसं नसतं.

खोलीही मोठ्या बाईंचीच होती. दारावर ‘संसाधन कक्ष’ अशी पाटी होती. ती वाचायला मान वाकडी करावी लागे, कारण जुन्या ‘क्रीडा साहित्य’च्या पाटीच्या भोकांत ती बसवली होती आणि भोकं एका रेषेत नव्हती. ज्या मुलांना सरळ अक्षर वाचायला त्रास होतो, त्यांच्या खोलीवर तिरकी पाटी लावावी, यात कोणाला काही वावगं वाटलं नव्हतं. पण तसं कोणी ते नाव घेतही नसे. जिन्याखालची खोली म्हटलं की सगळ्यांना कळायचं.

ती खरोखरच जिन्याखाली होती. छत म्हणजे जिन्याची पाठ. दाराशी माणूस ताठ उभा राहू शके, मधल्या टेबलाशी वाकावं लागे, आणि टोकाला, जिथे जिना जमिनीला टेकत होता, तिथे फक्त एखादं मूल मावे. दर तासाला घंटा झाली की वरच्या मजल्यावरची अडीचशे मुलं त्या छतावरून खाली यायची. आधी एकदोन पाय, मग एकदम कोसळल्यासारखं, मग पुन्हा एकदोन. तेवढ्यात खोलीतलं सगळं थांबायचं. बाई अर्ध्या शब्दावर थांबायच्या, मुलं पेन्सिल उचलून धरायची, सगळे वर बघायचे. जिना शांत झाला की अर्धा शब्द पुरा व्हायचा. हे कोणी ठरवलेलं नव्हतं. त्या खोलीत बसलं की आठवड्याभरात आपोआप अंगवळणी पडायचं.

नव्या बाईंना खोली मिळाली याचंच आधी अप्रूप होतं. त्याआधीची नऊ वर्षं त्या तीन शाळांत मिळून एक बाई होत्या. खांद्यावर पिशवी, पिशवीत वाळूचा ट्रे, ठोकळे, आणि बुटांच्या खोक्याच्या पुठ्ठ्यातून कापलेल्या ‘खिडक्या’. खिडकी म्हणजे पुठ्ठ्यात एका ओळीएवढी फट. ती पानावर ठेवली की बाकीचं पान झाकलं जातं आणि मुलासमोर एकच ओळ राहते. अख्खं पान अंगावर येतं, एक ओळ येत नाही. या पेशात त्या काही ध्येयाने वगैरे आल्या नव्हत्या. चार बहिणींत धाकट्या. तिघींच्या शिक्षणानंतर वडिलांचा उत्साह आटला होता, आणि ज्या अभ्यासक्रमात जागा शिल्लक होती तो हा होता. ध्येय नंतर आलं, केस पांढरे व्हावेत तसं, थोडं थोडं, आणि आलं तेव्हा त्यांच्या लक्षातही आलं नाही.

नवऱ्याचा धंदा लिफ्ट दुरुस्तीचा. तो बायकोच्या खोलीबद्दल एवढंच म्हणाला, “जिन्याखाली बसणार? लिफ्टवाल्यांत मला तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस.”

पहिल्या वर्षी यादीवर एकतीस मुलं होती, आणि बाई एक. कोणाला अंक उलटे दिसायचे, कोणाला ऐकलेलं उतरवता यायचं नाही, कोणी नुसतंच इतकं घाबरलेलं की पुस्तक उघडलं की पोट दुखायचं. अशा वेळी मोठ्या बाईंची एक गोष्ट हाताशी लागली. भिंतीतल्या फडताळात सेहेचाळीस कॅसेट होत्या, गोल सुबक अक्षरात लेबलं लावलेल्या. सगळ्या इयत्तांचे सगळे धडे मोठ्या बाईंनी स्वतःच्या आवाजात, याच खोलीत बसून भरून ठेवले होते. मुलाने कानाला हेडफोन लावायचे, पुस्तक उघडायचं, ऐकायचं आणि आवाजाबरोबर ओळीखालून बोट फिरवायचं. कानाचा हात धरून डोळा चालायला शिकतो, अशी त्यामागची कल्पना. कल्पना चांगलीच आहे. फक्त बोटाकडे बघायला शेजारी एक माणूस बसलेलं लागतं.

माणूस नव्हतं. म्हणून त्या वर्षी चौथीत आलेल्या एका मुलीला नव्या बाईंनी टेप आणि पुस्तकं दिली आणि जिन्याच्या निमुळत्या टोकाला बसवलं. मुलगी काटकुळी, शांत. अक्षरं तिच्या डोळ्यांखाली मुंग्यांसारखी सरकत. “ऐक आणि बोट फिरव,” बाई म्हणाल्या, आणि रडणाऱ्या दुसऱ्या मुलाकडे वळल्या.

पाच महिन्यांनी मुलगी वाचायला लागली. अडखळत वगैरे नाही. एकदम ठाशीव, संथ, शब्द न् शब्द सुटा. बाकीच्या शिक्षकांनी तोंडात बोटं घातली. वर्गातल्या मुलांनी तिचं नाव ‘रेडिओ’ ठेवलं आणि ते तिलाही आवडलं. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी नव्या बाईंनी तिच्या फाईलमध्ये लिहिलं: ‘वाचन इयत्तेनुसार. विशेष मदतीची गरज नाही.’ खाली सही केली. यादीवरून रेडिओचं नाव गेलं. तरी ती मधल्या सुट्टीत येऊन कोपऱ्यात बसे, नव्या इयत्तेच्या कॅसेट ऐके. लळा लागलाय, बाईंना वाटलं. आपला लळा लागलाय असं वाटायला माणसाला फारसा पुरावा लागत नाही.

हे सगळं सुरळीत चालू होतं. मग चौथ्या वर्षाच्या अखेरीस एका सकाळी रेडिओ वाचता वाचता थांबली.

पाहणीला अधिकारी येणार होते. मागच्या पाहणीत म्हणे विचारणा झाली होती की एका शिक्षिकेसाठी अख्खी खोली कशाला, ती झेरॉक्स मशीनला का देऊ नये. मुख्याध्यापक सरांनी ठरवलं की साहेबांसमोर रेडिओला वाचायला लावायचं. म्हणून सराव चालला होता. तिसरा तास. वरच्या वर्गांना परीक्षेआधीची सुट्टी, वरचा मजला कुलपात. धडा दीपगृहाचा.

“रखवालदाराने दिवा उचलला,” रेडिओ वाचत होती, “आणि...”

आणि थांबली. मान वर केली. जिन्याच्या पाठीकडे बघत राहिली, बोट ओळीवर तसंच. नव्या बाईंनीही वर बघितलं. काही नव्हतं. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा वीस सेकंद पुढे सरकला असेल.

“...पहिल्या पायरीवर पाऊल ठेवलं,” रेडिओ म्हणाली, आणि वाचन पुढे सुरू झालं.

दुसऱ्या दिवशी तोच धडा, तेच ‘आणि’, तीच वर केलेली मान. तितकाच वेळ. बाईंच्या अंगावर काटा आला. तो जिन्यामुळे आला नाही. मुलीच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, नुसती वाट बघण्याची सवय होती. पाहुणे उठेपर्यंत बायका दारात उभ्या राहतात तशी.

घंटा देणारे शिपाईमामा दारातून डोकावले, पण आत आले नाहीत. आठवड्याभरात ते एकदाही आत आले नव्हते.

“मामा, आत या की.”

“इथेच बरा आहे.”

“का बरं?”

मामांनी टोपी काढून हातात घेतली. “हसू नका बाई. मागच्या मंगळवारी बाहेरून चाललो होतो. आत मोठ्या बाई शिकवत होत्या. मला वाटलं, आल्या वाटतं रजेवरून.”

“मामा, त्या वारल्यात.”

“ते नंतर आठवलं,” मामा म्हणाले. “पण त्या पण अशाच थांबायच्या हो. मध्येच. वर बघत.”

मामा गेल्यावर नव्या बाईंनी दार लोटलं. रेडिओला म्हणाल्या, “पुन्हा वाच,” आणि या वेळी त्या तिच्या शेजारी जमिनीवर, टोकाच्या निमुळत्या जागेत डोकं वाकवून बसल्या आणि प्रथमच तिच्या बोटाकडे बघू लागल्या. बोट सावकाश, एका चालीने जात होतं. ओळ संपायच्या आत पुढच्या ओळीवर गेलं. पान संपलं तेव्हा बाईंनी उलटायला मदत करायच्या मिषाने दोन पानं एकदम उलटली.

रेडिओ वाचत राहिली. वादळाचं वर्णन, लाटा, भिजलेली शिडी. सगळं बरोबर, एक शब्द इकडचा तिकडे नाही. फक्त ते पान समोर नव्हतं. समोरच्या पानावर तलावाचं चित्र होतं आणि खाली प्रश्न होते, आणि त्या प्रश्नांवरून तिचं बोट वादळ वाचत चाललं होतं.

बाईंनी पुस्तक मिटलं. त्यांनी टेबलावरची एक नोटीस उचलली. पाण्याची टाकी धुण्याविषयीची, चार ओळींची. “हे वाच.”

रेडिओने कागद हातात घेतला. दोन्ही बाजूंनी बघितला. मग फडताळाकडे बघून विचारलं, “बाई, ह्याची कॅसेट कुठली?”

“ह्याची कॅसेट नाही.”

“मग कसं वाचणार?” तिच्या आवाजात लबाडीचा लवलेश नव्हता. तिला खरंच प्रश्न पडला होता. मग ती जरा जवळ सरकून हळूच म्हणाली, “तुम्हाला वाचताना कोणाचा आवाज येतो?”

“कोणाचाच नाही.”

“मग?”

मुलीचं म्हणणं सरळ होतं. छापलेला कागद मुका असतो. त्यातून एका बाईचा आवाज यायला लागतो, त्याला वाचन म्हणतात. सगळ्यांचं असंच असणार. ज्या बाईला तिने कधी बघितलंही नव्हतं, ती तिच्या डोक्यात सेहेचाळीस कॅसेट घेऊन बसली होती, आणि त्या बाईला तिथे बसवून बाहेरून सही करणारी नवी बाईच होती.

दुपारी शाळा सुटल्यावर नव्या बाईंनी दीपगृहाची कॅसेट स्वतः ऐकली. चार वर्षांत पहिल्यांदा. आवाज छान होता. ठाशीव, संथ. ‘रखवालदाराने दिवा उचलला, आणि’. मग विराम. त्यांनी कान टवकारले. जिन्यावरच्या पायांमुळे मोठ्या बाई थांबल्या असणार, म्हणजे ते पाय टेपवर यायला हवेत. त्यांनी आवाज पूर्ण मोठा केला. टेपची खरखर. एका ठिकाणी लांब कुठेतरी खुर्ची सरकली. पाय नव्हते. वीस सेकंद मोठ्या बाई कोणासाठी तरी थांबल्या, आणि कोणी आलं नाही, आणि त्यांनी पुढे वाचलं.

त्यांनी मामांना गाठलं. ते फाटकाशी होते, उजेडात, तेव्हा बोलायला तयार झाले.

“मामा, मोठ्या बाईंनी ते टेपिंग कधी केलं?”

“शेवटच्या वर्षी. गेल्या त्याच्या आधी. वरचा मजला गळत होता म्हणून बंद होता ना तेव्हा. वर्ग मागच्या शेडमध्ये भरायचे. शांत असतं, आत्ताच भरून घेते म्हणाल्या.”

“वरून कोणी उतरत नव्हतं?”

“वर्षभर नाही. कुलूप माझ्याकडे होतं.” मामांनी चावी खिशात चाचपली, जणू ती अजून तिथेच आहे याची खात्री करून घेतली. “सत्तावीस वर्षं काढली त्यांनी त्या खोलीत, बाई. घंटेच्या वेळेला मान आपोआप वर जायची. मी घंटा द्यायला विसरलो तरी त्या थांबायच्या.”

घरी त्यांनी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो जेवता जेवता ऐकत होता. असल्या गोष्टींचं त्याला भय नव्हतं. आयुष्य त्याने बंद खोक्यांत काढलं होतं.

“एवढं काय झालं? चूक झाली, दुरुस्त कर. नाव पुन्हा यादीवर घाल.”

“तेच तर. शनिवारी साहेब खोली बघायला येतायत, आणि तिचं वाचन हाच खोलीचा पुरावा. साहेब यादी बरोबर घेऊन जाणार, मग ती बंद. पुढच्या वर्षी ती वरच्या शाळेत जाईल. यादीवर नाव नसेल तर तिथे तिला कोणी विचारणार नाही. नाव घातलं, तर मी चार वर्षं काय केलं ते साहेब विचारतील, आणि खोली जाईल. बाकीच्या तीस मुलांचीपण.”

त्याने ताट बाजूला सारलं. मग म्हणाला, “आमच्याकडे लिफ्ट मध्येच अडकली तर फोन येतो. कधीकधी माणूस आत असतो आणि बाहेर वॉचमन ‘लिफ्ट चालू आहे’ची पाटी उलटायला विसरलेला असतो. अशा वेळी मला कोणी बोलावतच नाही. का बोलावतील? चालू आहे ना.” त्याने पाण्याचा ग्लास रिकामा केला. “पाटी तू लावली आहेस. काढायचीही तुलाच लागेल. त्यात माझं काय विचारतेस?”

मुख्याध्यापक सरांनी त्यांचं म्हणणं दोन मिनिटं ऐकलं आणि दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवले. “बाई, शनिवार जाऊ द्या. एका मुलीसाठी तीस मुलांची खोली घालवायची? आणि ती वाचत नाही असं तुम्ही म्हणताय. मी स्वतः ऐकलंय. माझ्यापेक्षा बरं वाचते.”

“ती पाठ म्हणते सर.”

“मग आपण सगळे काय करतो?” सर म्हणाले. विनोद होता की नाही हे त्यांनाही नक्की माहीत नसावं.

उरली आई. रेडिओची आई शिवणकाम करायची. बाई गेल्या तेव्हा ती मशीनवर होती, गळ्यात मापाची टेप. बाईंनी वाक्य घोकून ठेवलं होतं, पण अर्ध्यातच तिने मशीनचं चाक हाताने थांबवलं.

“मला माहीत होतं,” ती म्हणाली.

“काय?”

“औषधाच्या बाटलीवरचं वाचत नाही ती. बसची पाटी वाचत नाही, बाजूवालीला विचारते. धडा मात्र धडाधड. मला वाटायचं, काहीतरी चुकतंय. पण तुम्ही कागदावर सही केली होतीत ना. म्हटलं, मी चौथी शिकलेली. मलाच कळत नसेल.”

ती चिडली असती तर बरं झालं असतं. तिने उठून पाणी आणून दिलं.

“तिला नका सांगू हं, इतक्यात,” ती म्हणाली. “खुशीत असते हो वाचताना. एकटी बसली तरी कोणीतरी सोबत असल्यासारखी. मला पहिल्या पहिल्यांदा भीती वाटायची. आतल्या खोलीत ही एकटी, आणि आवाज मोठ्या बाईमाणसाचा.”

शनिवारी साहेब आले. गोल, घामेजलेले, पण माणूस वाईट नव्हता. टेबलाजवळ छताला डोकं आपटलं तरी हसले. सगळी मुलं खाली मैदानात कवायतीला होती, वरचा मजला मोकळा. खोलीत साहेब, सर, नव्या बाई आणि रेडिओ. दाराबाहेर मामा.

साहेबांनी पुस्तक चाळलं आणि नेमका दीपगृहाचा धडा काढला. बाईंना वाटलं होतं तसंच. दुसरा कुठला निघणार?

रेडिओने वाचायला सुरुवात केली. आज आवाज नेहमीपेक्षाही भरीव लागला होता. साहेबांनी डोळे मिटले. दारातल्या मामांची टोपी हळूहळू हातात आली.

“रखवालदाराने दिवा उचलला, आणि...”

रेडिओने मान वर केली. साहेबांनी डोळे उघडले आणि तिच्या नजरेमागे वर बघितलं. मग सरांनी. मग, इच्छा नसताना, नव्या बाईंनी. चार माणसं वाकड्या माना करून एका रिकाम्या जिन्याची पाठ बघत उभी होती. साहेब हळू आवाजात म्हणाले, “काय झालं, बाळ?”

“मुलं उतरतायत,” रेडिओनेही तितक्याच हळू सांगितलं. खोलीत असताना असंच बोलायचं असतं.

मैदानातून शिट्टी ऐकू आली, खूप लांबून. पुरी वीस सेकंदं गेली. बाईंनी मोजली, आणि मोजताना त्यांना स्पष्ट जाणवलं की आपणही ती मुलं उतरून जाण्याची वाटच बघतोय, आणि ती गेल्यावर आपल्याला हायसं वाटणार आहे.

“...पहिल्या पायरीवर पाऊल ठेवलं.”

वाचन संपलं. साहेबांनी रुमालाने कपाळ पुसलं. “वा. वा. विराम किती सुंदर घेते. हल्ली मोठ्यांनाही विराम घेता येत नाही.” त्यांनी पेन काढलं, यादी पुढे ओढली. “तीस नावं. बरोबर? सही करतो. खोलीबद्दल मी चांगलंच लिहीन.”

सरांनी श्वास सोडला.

“रेडिओ,” नव्या बाई म्हणाल्या, “मामांबरोबर जा. घंटा तू दे आज.”

मुलगी उड्या मारत गेली. बाईंनी दार लावून घेतलं.

“साहेब, एकतीस नावं. एक घालायचं राहिलंय. तिचंच.”

“तिचं? आत्ताच तर वाचलं तिने.”

“तिने म्हणून दाखवलं. वाचलं मोठ्या बाईंनी.”

“त्या कुठे आहेत?”

“वारल्या.”

साहेबांनी सरांकडे बघितलं. मग बाईंनी सगळं सांगितलं, टेपपासून सहीपर्यंत, एका दमात. आपल्या नावाचा उल्लेख टाळला नाही आणि आवाज चढवला नाही. साहेबांनी मध्ये फक्त एकदा विचारलं, “चार वर्षं तुम्ही तिच्या बोटाकडे बघितलं नाहीत?”

“नाही.”

“का?”

“ती रडत नव्हती, साहेब. मी रडणाऱ्यांकडे बघत होते.”

बाहेर घंटा झाली. जरा जास्त वेळ झाली. मुलीला सोडवत नसावी. साहेबांनी पेनाचं टोपण काढलं, यादीच्या तळाशी एकतिसावी ओळ आखली आणि त्यात नाव घातलं. शेजारच्या रकान्यात कारण लिहायचं होतं. बराच विचार करून त्यांनी लिहिलं: ‘सुरुवातीपासून.’ अहवालात मात्र जे लिहायचं ते लिहिलंच: ‘शिक्षिका प्रामाणिक. परिणाम असमाधानकारक.’ दोन्ही खरं होतं, त्यामुळे तक्रारीला जागा नव्हती.

पुढच्या वर्षी खोली गेली. झेरॉक्स मशीन तिथे बसवलं. त्याबद्दल मामा सांगतात की ते तास संपायच्या वेळेला मध्येच थांबतं आणि थोड्या वेळाने आपोआप चालू होतं. तंत्रज्ञ दोनदा येऊन गेला, दोष सापडला नाही. मामांचं असं सांगणं अर्थात धरून चालायचं नाही.

तीस मुलं वाचनालयाच्या एका भिंतीला आली. नव्या बाईंच्या खांद्यावर पुन्हा पिशवी आली: आठवड्यातले तीन दिवस इथे, दोन दिवस वरच्या शाळेत, कारण तिथल्या यादीवरही आता एक नाव होतं. कॅसेट त्यांनी कुलपात ठेवल्या आणि किल्ली रेडिओच्या आईकडे दिली. “मी मागितली तरी देऊ नका,” असं सांगून.

वरची शाळा बैठी, एका मजल्याची. मागच्या पडवीत एक बाक. तिथे दोघी बसायच्या, खोक्याच्या पुठ्ठ्याची खिडकी पानावर ठेवून. रेडिओ रडायची. चार वर्षांत एकदाही न रडलेली मुलगी पहिले तीन महिने नुसती रडली. वर्गातल्यांनी तिचं नाव बदलून ‘बंद रेडिओ’ केलं. अक्षरं मुंग्यांसारखी सरकत होती, ती अजूनही सरकत होतीच. फरक एवढाच की आता बाईंचं बोट तिच्या बोटावर होतं.

“आता कोणाचा आवाज येतो?” एकदा बाईंनी विचारलं.

“कोणाचाच नाही,” ती म्हणाली. “सगळं शांत असतं. खूप भीती वाटते.”

“सवय होते,” बाई म्हणाल्या. खरं काय ते त्यांना ठाऊक नव्हतं.

चौथ्या महिन्यात, एका गुरुवारी भर दुपारी, तिने एक ओळ वाचली. कुठल्याही कॅसेटमध्ये नसलेली, बाईंनी सकाळी बसमध्ये बसून लिहिलेली. सात शब्द. चार मिनिटं लागली. आवाज घोगरा होता, चिरका, मध्येच फाटलेला. कोणी म्हणून दाखवलाय असं वाटूच नये असा. तो तिचा स्वतःचा असणार, दुसऱ्या कोणाचा असणं शक्य नव्हतं. बाईंनी तो आधी कधी ऐकला नव्हता.

“पुढची तुम्ही वाचा,” रेडिओ दमून म्हणाली. “मग मी.”

नव्या बाईंनी खिडकी खाली सरकवली आणि वाचायला लागल्या. “मुलीने दार उघडलं,” त्यांनी वाचलं, “आणि...”

लांब शाळेची घंटा झाली होती. त्यांना ती ऐकू आल्याचं आठवत नाही. मान वर गेली होती, बोट शब्दावर तसंच होतं, आणि वेळ जात होता.

थोड्या वेळाने बाजूने त्यांची बाही ओढली गेली.

“बाई,” रेडिओ तिच्या नव्या, घोगऱ्या आवाजात म्हणाली, “इथे जिना नाहीये. वर नुसता पत्रा आहे.”

“हो,” नव्या बाई म्हणाल्या. आणि अर्धं राहिलेलं वाक्य पुरं केलं.